कलेला रंग नसतो म्हणे!

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पावसाने गुडघे धरले, मग घरात साखरपुडा निघाला. कारणं काय, शोधली की सापडतात. चौतीस वर्षं विद्यार्थ्यांची ऐकली, आता माझी तुम्ही ऐका.

तर साखरपुडा. माझ्या भाच्याच्या मुलीचा. जेवण बुफे होतं, पण आम्हां चार म्हाताऱ्यांना टेबल-खुर्च्या दिल्या होत्या. फोटोग्राफरची पोरं आमच्या ताटापर्यंत कॅमेरे आणत होती, त्यावरून फोटोंचा विषय निघाला. मी सहज म्हटलं, "२०१९ साली लेकीकडे न्यू जर्सीला गेले होते ना, तेव्हा न्यूयॉर्कला एक फोटोंचं प्रदर्शन पाहिलं. अजून डोक्यातून जात नाही. पंधरा जणांचं मिळून होतं. सगळे नव्या दमाचे, नुकते कुठे नाव व्हायला लागलेले. आणि सगळे कृष्णवर्णीय."

भाचा जिलबी घेऊन उभा होता. म्हणाला, "सगळे? म्हणजे आत्या, तिकडे कलेतही आरक्षण आलं म्हण की!" टेबलावर हशा झाला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "मला हे पटत नाही. कलेला कसला आलाय रंग? फोटो चांगला की वाईट, एवढंच बघावं माणसाने."

मी गप्प बसले. एक तर तोंडात जिलबी होती. दुसरं म्हणजे माझी जुनीच खोड आहे, वर्गात उत्तर तिथल्या तिथे सुचायचं, घरात मात्र ते रिक्षातून परत येताना सुचतं. तेव्हा ते इथे लिहिते. भाचा हे वाचतो, मला ठाऊक आहे. म्हणून नाव घालत नाही. तो घरात सगळ्यांना मदत करणारा, सरळ मनाचा माणूस आहे. म्हणूनच त्याच्याशी भांडावंसं वाटतं. वाकड्या माणसाशी कोण भांडत बसतं!

आधी एक कबुली. २०१९ च्या नोव्हेंबरात मी त्या प्रदर्शनाला गेले तेव्हा माझ्याही मनात हाच प्रश्न होता. लेकीने पाथच्या गाडीने नेलं, तेविसाव्या रस्त्यावर उतरवलं आणि बोचऱ्या थंडीत पश्चिमेकडे चालवत चेल्सी भागात आणलं. ॲपर्चर नावाची छायाचित्रणाला वाहिलेली संस्था आहे, १९५२ साली सुरू झालेली. तिची गॅलरी तेव्हा तिथे होती. प्रदर्शनाचं नाव 'द न्यू ब्लॅक व्हॅनगार्ड'. अँटवॉन सार्जंट नावाच्या तरुण समीक्षकाने याच नावाचं पुस्तक केलं होतं, त्यावरून हे प्रदर्शन मांडलेलं. लिफ्टमध्ये मी लेकीला विचारलं, "सगळे काळेच का गं? गोऱ्यांनी काय पाप केलंय?" ती म्हणाली, "आई, हळू. इथे मराठी कळणारी माणसं कुठेही निघतात." आणि मग म्हणाली, "आधी बघ. मग बोलू."

आत गेले आणि पहिल्यांदा जाणवला तो रंग. भिंती भरून रंग! पिवळाधम्मक, शेंदरी, मोरपंखी. आपल्याकडे लग्नात आजीने काळ्या मुलीला सांगावं ना, "तुला नाही हो हा रंग खुलायचा", ते सगळेच्या सगळे रंग त्या काळ्याभोर माणसांच्या अंगावर होते, आणि असे खुलले होते की मी आपल्या राखाडी स्वेटरकडे बघून ओशाळले. लेगॉसचा स्टीफन तायो आपल्या शहरातल्या माणसांचे फोटो काढतो, ती माणसं कॅमेऱ्याकडे अशी बघतात जणू फोटो काढणाऱ्यावर उपकार करताहेत. एरियल बॉब-विलिस नावाची मुलगी माणसांना वेडीवाकडी वाकवते, चेहरे लपवते, आणि तरी त्या देहांमधून सगळं बोलणं पोचतं. क्विल लेमन्स या पोराने काळ्या तरुणांच्या गालांवर चमकी लावून फोटो काढले आहेत. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की अमेरिकेत काळा तरुण म्हटला की बातमीत पोलीस तरी असतात नाहीतर बंदूक तरी. आणि इथे नुसती चमकी. नुसतं कोवळेपण. अटलांटाचा टायलर मिचेल तर काळ्या पोरापोरींना निवांत असताना टिपतो. लोळताहेत, खेळताहेत, उगीच बसलेत. त्यात काय मोठं, असं वाटेल. पण "उगीच बसलेला काळा माणूस" हे चित्र तुम्ही आयुष्यात किती वेळा पाहिलंय, आठवून बघा.

असो. आता भाच्याच्या एकेका वाक्याकडे वळते. शाळेत उत्तरपत्रिका तपासायची तशी.

पहिलं वाक्य: "कलेला रंग नसतो."

नसेल बाबा कलेला. पण फिल्मला होता. हे मला त्या प्रदर्शनानंतर कळलं, लेकीने घरी आल्यावर वाचायला दिलं म्हणून. आपण सगळे ज्या रोलवर फोटो काढत होतो, त्या रंगीत फिल्मची रसायनं आणि धुलाईची सगळी पद्धत गोऱ्या कातडीला धरून बसवलेली होती. कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो असे. पहिल्या कार्डावरच्या, कंपनीतच काम करणाऱ्या बाईचं नाव शर्ली, म्हणून पुढे ते 'शर्ली कार्ड' झालं. तिची कातडी नीट उमटली की यंत्र बरोबर लागलं, असं समजायचं. म्हणजे मोजायची पट्टीच गोरी! त्या पट्टीवर काळा माणूस उभा केला की त्याचे फक्त दात आणि डोळे उमटायचे. गोरा आणि काळा शेजारी बसले तर एकाचा फोटो व्हायचा आणि दुसऱ्याची सावली.

कॅनडातल्या लोर्ना रॉथ या अभ्यासक बाईंनी २००९ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे. त्यातली एक गोष्ट वाचून मी चष्मा काढून ठेवला. फिल्ममध्ये गडद तपकिरी छटा नीट उमटत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली ती कुणाची? चॉकलेट करणाऱ्यांची आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांची! काळं चॉकलेट आणि दुधाचं चॉकलेट जाहिरातीत वेगळं ओळखू येत नाही, शिसवी टेबल आणि सागवानी टेबल सारखंच दिसतं, म्हणून रसायनं सुधारली. वर्गातल्या काळ्या मुलांचे चेहरे ओळखू येत नव्हते, ते मात्र वर्षानुवर्षं चाललं होतं. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेलं शर्ली कार्ड यायला १९९० चं दशक अर्धं सरावं लागलं. तेव्हा कॅमेऱ्याला रंग नसतो, हे त्यानेच म्हणावं ज्याचा रंग कॅमेऱ्यात आधीच भरलेला होता. पाण्याला चव नसते असं आपण म्हणतो, कारण ते आपल्या विहिरीचं असतं.

दुसरं वाक्य: "फोटो चांगला की वाईट, एवढंच बघावं." म्हणजे गुणवत्ता. हा आपल्या घरातला लाडका शब्द. आरक्षण हा शब्द आपण ओठ वाकडा करून म्हणतो आणि गुणवत्ता हा शब्द देवघरातल्या घंटेसारखा वाजवतो. वाजवू दे. पण मग हिशोब तरी करू.

'व्होग' हे फॅशनचं मासिक अमेरिकेत १८९२ साली निघालं. त्याच्या मुखपृष्ठासाठी कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने फोटो काढला तो कधी? सप्टेंबर २०१८ च्या अंकात. एकशे सव्वीस वर्षांनी! काढणारा हाच टायलर मिचेल, वय वर्षं तेवीस. फोटो बियॉन्से या गायिकेचा. म्हणजे एवढी नामवंत बाई समोर उभी राहिली तेव्हा ते दार उघडलं. पाठोपाठ जानेवारी २०१९ च्या ब्रिटिश व्होगचं मुखपृष्ठ नादीन इजेवेरे हिने केलं. तीही या पंधरांत आहे. आता मला सांग, या एकशे सव्वीस वर्षांत अख्ख्या अमेरिकेत एकाही काळ्या माणसाला मुखपृष्ठापुरता फोटो काढता येत नव्हता का? गणिताच्या गुरुजींना विचार, एवढा योगायोग कुठल्या पुस्तकात बसतो. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर त्या मासिकाच्या तेव्हाच्या संपादिका ॲना विंटूर यांचं ऐक. जून २०२० मध्ये त्यांनी स्वतःच आपल्या सहकाऱ्यांना लिहिलं की कृष्णवर्णीय लेखकांना, छायाचित्रकारांना, कलाकारांना पुरेशी जागा द्यायला आपण कमी पडलो. तीसबत्तीस वर्षं त्या खुर्चीवर बसल्यावर हे सुचलं, पण सुचलं. मग इतकी वर्षं तिथे काय चाललं होतं? तेही आरक्षणच होतं की रे. फक्त त्याची पाटी लावलेली नव्हती.

फोटो काढता येत नव्हते, असं तर मुळीच नव्हतं. हार्लेममध्ये जेम्स व्हॅन डर झी नावाचे स्टुडिओवाले होते, १८८६ चा जन्म. आपल्या तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओसारखाच त्यांचा स्टुडिओ. लग्नाची जोडपी, सैनिक, बाळं, चर्चची मंडळी, सगळे नटूनथटून येत. दशकानुदशकं त्यांनी हार्लेमचा संसार टिपला, आणि हार्लेमच्या बाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. १९६९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'हार्लेम ऑन माय माइंड' नावाचं भलंमोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्यांचे फोटो भिंतीएवढे करून लावले. आता गंमत बघा. काळ्यांच्या वस्तीवरचं प्रदर्शन, आणि त्यात काळ्या चित्रकारांचं आणि शिल्पकारांचं एकही काम नाही! चित्रकार संतापले, फलक घेऊन संग्रहालयाच्या दाराशी उभे राहिले. रॉय डिकरावा या नामांकित कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने त्यात सामील व्हायला नकार दिला. आणि ज्यांच्या फोटोंवर ते प्रदर्शन गाजलं त्या व्हॅन डर झींना, ऐंशी ओलांडलेल्या त्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या बायकोला, त्याच १९६९ साली राहत्या घरातून बाहेर काढलं गेलं. भिंतीवर फोटो आणि रस्त्यावर माणूस. एका वर्षात.

म्हणून ही माणसं वेगळी जमायला लागली. हौस म्हणून नव्हे. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये काही कृष्णवर्णीय छायाचित्रकारांनी 'कामोइंगे' नावाचं मंडळ काढलं. केनियातल्या किकुयू भाषेतला शब्द आहे, अर्थ मिळून काम करणारी माणसं. म्हणजे आपल्या गावाकडचा सावड म्हण ना! आज माझ्या रानात तू, उद्या तुझ्या रानात मी. एकमेकांचे फोटो समोर ठेवायचे, चुका काढायच्या, शिकवायचं. डिकरावा त्यांचे पहिले प्रमुख. १९७३ पासून या मंडळींच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय छायाचित्रकारांचे वार्षिक अंक निघू लागले, १९८० पर्यंत चार निघाले. तिकडे ब्राँक्समध्ये मूळच्या पोर्तो रिकन छायाचित्रकारांनी १९७४ साली 'एन फोको' काढली. कुणी बोलावत नाही म्हटल्यावर माणूस स्वतःच्या ओसरीवर सतरंजी अंथरतो. आणि मग लोक विचारतात, "तुम्ही असं वेगळं का बसता?"

तिसरं वाक्य भाच्याने म्हटलं नव्हतं, पण त्याच्या बायकोने हात धुताना म्हटलं: "पण मावशी, स्वतःच्याच लोकांचे फोटो काढायचे, यात काय मोठेपणा?" (सूनबाई, तुमचंही नाव घालत नाही.)

अगं, स्वतःच्या लोकांचे फोटो तर सगळेच काढतात. गोऱ्यांनी गोऱ्यांचे काढले तेव्हा त्याला नुसतं 'छायाचित्रण' म्हटलं, काळ्याने काढले तेव्हा 'कृष्णवर्णीय छायाचित्रण' म्हटलं. आणि दुसऱ्यांनी काढले की काय होतं तेही आपल्याला ठाऊक असायला हवं. आपलेच फोटो काढून झाले आहेत. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड छापले. हिंदुस्थानातल्या जातीजमातींची माणसं समोर उभी करायची, फोटो घ्यायचा, खाली नाव नाही, जात लिहायची, आणि शेजारी हे लोक विश्वासू की लबाड, असले शेरे. फुलपाखरू टाचणीने टोचून ठेवतात तसं. त्या माणसांपैकी एकालाही कुणी विचारलं नसेल, "बाबा रे, तुला कसं दिसायला आवडेल?"

कॅमेरा धरणारा हात कुणाचा, यावर पुष्कळ ठरतं. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या राजवटीत काळ्या माणसाला आपल्याच देशात हिंडायला पास लागायचा, आणि त्या पासांवरच्या फोटोंसाठी पोलरॉइड कंपनीचा झटपट कॅमेरा वापरला जायचा. १९७० साली त्याच कंपनीत अमेरिकेत काम करणाऱ्या कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या दोघा कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना हे कळलं आणि त्यांनी आंदोलन उभं केलं. बाईंची नोकरी गेली. कंपनी तिथून बाहेर पडली ती १९७७ साली. तोच कॅमेरा, तोच चेहरा. एकदा पासावर, एकदा प्रदर्शनात. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी फोटो काढणाऱ्याने समोरच्याला हसायला सांगितलं नाही आणि घाबरवलंही नाही. वाट पाहिली.

आता थोडं दुसऱ्या बाजूचं. एकांगी लिहिलं तर माझ्याच विद्यार्थ्यांनी मला गुण कापावेत.

मलाही त्या प्रदर्शनात खटकलेल्या गोष्टी होत्या. एक म्हणजे नाव. पंधरा जण, कुणी लंडनचा, कुणी लेगॉसचा, कुणी जोहान्सबर्गचा, एक मुलगी तर आईकडून गिनीची आणि बापाकडून स्वित्झर्लंडची. सगळ्यांना एका शब्दाखाली उभं केलं की पुन्हा शाळेची हजेरी होते. तिकडे सगळ्या गोरेतरांना मिळून 'पीपल ऑफ कलर' म्हणतात. लेकीने सांगितलं त्यात आपणही येतो. शब्दशः मराठी करायला गेले तर 'रंगीत माणसं'! आपल्याकडे रंगीत माणूस म्हणजे काय ते सांगायला नको. दुसरी गोष्ट बाजाराची. यातले बरेच फोटो महागड्या कपड्यांच्या, मासिकांच्या कामासाठी काढलेले. आज काळा चेहरा खपतो म्हणून लावला, उद्या खपला नाही तर काढतील, ही भीती खोटी नाही. वेगळी भिंत मिळाली आणि मुख्य भिंत तशीच राहिली, असंही होऊ शकतं. या शंका खऱ्या आहेत. पण गंमत अशी की या शंका ती मुलं स्वतः आणि त्यांच्यावर लिहिणारे आपसात घेतच असतात. ज्यांना भिंतच नको आहे त्यांच्या तोंडी त्या शोभत नाहीत. सावडीत भांडण झालं म्हणून सावड वाईट, असं बांधावर बसलेल्याने म्हणू नये.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते. इथपर्यंतचं वाचून कुणाला वाटेल, बाई परदेशातून शहाणपण घेऊन आल्या. तसं नाही.

१९८६ साल. मी कराडजवळच्या एका गावात शिकवत होते. दहावीचा निरोप समारंभ, आणि शाळेत पहिल्यांदाच वर्गाचा रंगीत फोटो काढायचा ठरला. केवढी अपूर्वाई! मुली आदल्या दिवशी शिकेकाई लावून आल्या होत्या. पहिली रांग खुर्च्यांची, तिथे आम्ही शिक्षक आणि ज्यांनी शाळेचं नाव काढलं अशी चार मुलं. त्यांत एक मुलगी होती. मराठीत शाळेत पहिली. निबंध असे लिहायची की मी ते घरी नेऊन यांना वाचून दाखवायची. रंगाने काळी, चांगली काळी. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बघून म्हणाला, "बाई, तेवढ्या मुलीला मागे घ्या. तुमच्याशेजारी उजेडाचा मेळ बसत नाही."

मी काय केलं? तिला मागे घेतलं. "जा गं, मागच्या रांगेत कडेला उभी राहा," म्हटलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे सगळ्यांत वाईट. तिने काही म्हटलं नाही. खुर्ची सरळ करून ठेवली आणि गेली. तिच्या जागी मी दुसरीला बसवलं, जिला शुद्धलेखन धड येत नव्हतं. पण ती गोरी होती.

तो फोटो माझ्याकडे आहे. मागच्या रांगेत कडेला, झाडाच्या सावलीत, दोन लाल रिबिनी आहेत. चेहरा नाही. मी भिंग घेऊन पाहिला आहे. नाक-डोळे काही लागत नाहीत. तेव्हा म्हटलं, रोलच तसा, फोटोग्राफर काय करणार. आणि तेहतीस वर्षांनी त्या गॅलरीत, पिवळ्याधम्मक पडद्यापुढे एक काळीभोर मुलगी, तिच्या कपाळावरचा घाम, पापण्या, ओठांवरची रेघ, सगळं सगळं दिसत होतं, तेव्हा मला त्या दोन रिबिनी आठवल्या. काळा चेहरा फोटोत येत नाही, हे खोटं होतं. तो आणायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. लेक म्हणाली, "आता बोलूया का?" मी म्हटलं, "नको."

त्या पोरीला आरक्षण नको होतं रे. तिची खुर्ची तिच्या गुणांनी मिळालेली होती. ती मी काढून घेतली. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्या माझ्यासारख्या बाईने, उजेडाचं कारण सांगून.

आणि हे जुनं झालं असंही म्हणू नका. गोरेपणाचं जे क्रीम १९७५ पासून आपल्या घराघरांतल्या आरशाखाली बसलं होतं, त्याच्या नावातला 'फेअर' हा शब्द निघाला तो २०२० साली. त्याच जूनमध्ये लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने कातडीचा रंग निवडायची सोय काढून टाकली, तीही अमेरिकेतल्या आपल्याच मुलींनी आवाज उठवला तेव्हा. तिकडे मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा पडला, तेव्हा कुठे इकडे आपल्याला गव्हाळ, निमगोरा, सावळा या शब्दांची लाज वाटली. वाटली तीही किती, ते वधूवर मेळाव्यात जाऊन बघा. विठोबा काळा चालतो, सून नाही.

आता शेवटचं, आणि हे भाच्यासाठी.

साखरपुड्याचा अल्बम गेल्या आठवड्यात आला. तू मला मोठ्या कौतुकाने दाखवलास. जाड पानं, वर मखमल. मी पानं उलटत होते. मंगळसूत्राएवढी नाजूक आपली पोर, तुझ्या आईचा सावळा रंग आणि तुझ्या आईचेच डोळे घेऊन आलेली. अल्बमात ती दुधासारखी पांढरी होती. मान पांढरी, हात पांढरे, बोटं पांढरी. शेजारी तू उभा, तुझ्या रंगाचा. बापलेक वाटत नव्हतात. तू म्हणालास, "छान आलेत ना गं आत्या?" मी म्हटलं, "हं."

तू चहा सांगायला आत गेलास तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्याआजी, मी त्यांना सांगितलं होतं, असं करू नका म्हणून. ते म्हणाले, सगळ्यांचे असेच करतो."

सगळ्यांचे असेच! तेच ते शर्ली कार्ड. आता कार्ड लागत नाही, संगणकावर एक कळ दाबली की झालं. आता तर कॅमेरे एवढे चांगले आहेत की तिळाची छटासुद्धा टिपतात. तरी आपण पैसे देऊन ती पुसून घेतो. तूच म्हणालास ना, फोटो चांगला की वाईट एवढंच बघावं? मग बघ. तुझ्या आईचे डोळे एका अनोळखी पांढऱ्या चेहऱ्यात बसवलेले आहेत. हा फोटो चांगला की वाईट? तुझ्याच मोजपट्टीने सांग.

न्यूयॉर्कच्या त्या पंधरा मुलांनी वेगळी भिंत का मागितली, हे तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं. त्या भिंतीवर त्यांनी फार काही केलेलं नाही. ज्याचा जो रंग आहे तो तसा राहू दिला, आणि त्याला मधल्या खुर्चीवर बसवलं.

लग्न मार्गशीर्षात आहे. फोटोग्राफरला आधीच बजावायला हवं, की पोरीच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. तू सांगतोस, की मी सांगू? मला सांगायला लावलंस तर मी शाळेतल्या आवाजात सांगेन, हे लक्षात ठेव.